‘स्वेच्छा’निवृत्तीचे गणित आणि कामगार संघटना

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी भारत संचार निगम (बीएसएनएल) आणि महानगर टेलिफोन निगम (एमटीएनएल) या दोन सरकारी कंपन्यांतील ९० हजारांहून अधिक कर्मचारी सेवेतून बाहेर पडले. बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार ५००, तर मुंबई आणि दिल्लीपुरत्या मर्यादित असलेल्या एमटीएनएलमधून १४ हजारांवर. एमटीएनएलच्या बाबतीत हे प्रमाण तीन चतुर्थांशाहूनही मोठे होते. सुमारे १८ हजार मनुष्यबळापैकी मागे उरले ते चार हजारांच्या आसपास. इतकी प्रचंड नोकरकपात झाली, पण त्यासाठी ना टाळेबंदी करावी लागली, ना कुणाच्या हाती कपातीची नोटीस द्यावी लागली. कागदोपत्री प्रत्येकाने आपणहून अर्ज केला होता.

मुंबईने नोकऱ्या जाताना पाहिल्या आहेत त्या निराळ्या रीतीने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातील बहुसंख्यांची पुढची वर्षे देण्यांच्या व घरांच्या मागण्या करण्यात गेली. त्या तुलनेत दूरसंचार कर्मचाऱ्यांची पाठवणी सुखाची झाली, असे सहज म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. ती सुखाची का झाली, कुणासाठी झाली आणि त्यात कामगार संघटनांचा वाटा नेमका कोणता, हे समजून घेण्यासाठी २०१९ च्या बरेच मागे जावे लागते.

या कंपन्या तोट्यात कशा गेल्या, ही कहाणी सर्वपरिचित आहे. २०१० मध्ये थ्री-जी आणि ब्रॉडबँड लहरींसाठी दोन्ही कंपन्यांना लिलावातून ठरलेल्या चढ्या दराने हजारो कोटी रुपये मोजावे लागले. एमटीएनएलच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला तो तेव्हापासून. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओ बाजारात आली आणि दर कोसळले. त्या स्पर्धेत सरकारी कंपन्यांना देशव्यापी फोर-जी सेवेसाठी लहरीच मिळालेल्या नव्हत्या. मात्र सरकारच्या मांडणीत ठळकपणे पुढे आला तो दुसराच आकडा. बीएसएनएलचा वेतनखर्च उत्पन्नाच्या सुमारे ७५ टक्के, तर एमटीएनएलचा सुमारे ८७ टक्के असल्याचे सांगण्यात आले. खासगी कंपन्यांत हे प्रमाण एक आकडी होते. उत्पन्न घटले की प्रमाण आपोआप फुगते, हा संघटनांचा युक्तिवाद बिनतोड होता, पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत फारसे कुणी नव्हते. फोर-जी लहरी आणि वेतनसुधारणा यांसाठी संघटनांच्या संयुक्त मंचाने १८ फेब्रुवारी २०१९ पासून तीन दिवसांचा संप केला. त्याच महिन्याचे वेतन मार्चच्या मध्यापर्यंत रखडले. त्यानंतर वर्षभर पगाराची तारीख अनिश्चितच राहिली.

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. फोर-जी लहरी, सरकारी हमीचे रोखे, मालमत्तांची विक्री, दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण आणि स्वेच्छानिवृत्ती असे तिचे भाग होते. यातील जो भाग तीन महिन्यांत तडीस गेला तो एकच, स्वेच्छानिवृत्ती. बाकीच्यांची वाटचाल कशी झाली, हे ग्राहकांना ठाऊक आहेच.

येथे कायद्यातील एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-एफ नुसार कामगारकपात करायची तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन द्यावे लागे. शेवटी आलेल्याला आधी काढावे, असेही बंधन होते. संघटना न्यायालयात जाऊ शकत असे ती या तरतुदींच्या बळावर. परंतु कामगारकपातीची व्याख्या करणाऱ्या कलम २ मध्येच स्वेच्छानिवृत्ती वगळलेली होती. औद्योगिक संबंध संहितेतही, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, हा अपवाद कायम आहे. म्हणजे ‘स्वेच्छा’ हा शब्द आला की कपातीविरुद्धचे संरक्षण संपते आणि उरतो तो मालक व एकेकटा कर्मचारी यांच्यातील करार. बँकांमधील २००० सालच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या खटल्यात कराराच्याच अंगाने निर्णय दिला. अर्ज हा कर्मचाऱ्याचा प्रस्ताव असतो आणि तो स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो, असे न्यायालयाने म्हटले. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हा दिलासा होता, पण सामुदायिक सौद्याला त्यात जागा नव्हती.

साहजिकच ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ या महिनाभराच्या मुदतीत लढाई रस्त्यावर नव्हे, तर आकडेमोडीच्या कागदावर झाली. योजना पन्नाशी पूर्ण केलेल्या कायम कर्मचाऱ्यांसाठी होती. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचे वेतन सानुग्रह रक्कम म्हणून मिळणार होते. शिवाय निवृत्तिवेतन तात्काळ सुरू होणार होते. उदाहरणादाखल, ५५ वर्षे वयाचा आणि ३० वर्षे सेवा झालेला एखादा तंत्रज्ञ घेऊ. त्याचे १,०५० अधिक १२५, म्हणजे १,१७५ दिवस होतात. महिना तीस दिवसांचा धरल्यास ही ३९ महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम झाली. उरलेल्या पाच वर्षांत निम्म्या पगाराइतके निवृत्तिवेतन धरले तर आणखी ३० महिने. एकूण ६९. नोकरीत राहिला असता तर त्याला मिळाले असते ६० महिन्यांचे वेतन, आणि तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. घरी बसून अधिक मिळते, हे कळायला त्याला संघटनेच्या भाषणाची गरज नव्हती.

पण हेच गणित पन्नाशीच्या, २५ वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्यासाठी करून पाहिले की चित्र पालटते. त्याची सानुग्रह रक्कम साडेसदतीस महिन्यांची, दहा वर्षांचे निवृत्तिवेतन ६० महिन्यांचे, एकूण साडेसत्त्याण्णव. नोकरीचे होतात १२० महिने. वार्षिक वेतनवाढी बुडतात, त्या वेगळ्याच. त्या बुडाल्यामुळे निवृत्तिवेतनाचा पाया आयुष्यभरासाठी खाली राहतो. मुले महाविद्यालयात, घराचे हप्ते चालू, आणि ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण यांची रक्कम मात्र लगेच हाती येणार नाही, असे योजनेतच लिहिलेले. एकच योजना पाच वर्षांच्या अंतरावरील दोन सहकाऱ्यांपैकी एकाला फायद्याची आणि दुसऱ्याला तोट्याची होती.

संघटनांची कोंडी झाली ती येथे. योजनेला सरसकट विरोध करावा, तर पंचावन्नच्या पुढचे सभासद दुरावतात. स्वागत करावे, तर मागे राहणाऱ्यांशी प्रतारणा होते. त्यातच पहिल्या आठवडाभरात बीएसएनएलमधून आलेल्या अर्जांची संख्या ७० हजारांच्या घरात गेली, तेव्हा विरोधाचा मुद्दाच निकालात निघाला. मग संघटनांनी रोख वळवला तो सक्तीच्या आरोपाकडे. जे अर्ज करणार नाहीत त्यांची दूरवर बदली होईल, निवृत्तीचे वय ५८ वर आणले जाईल, अशी भीती घातली जात असल्याचा त्यांचा आरोप होता. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यासाठी एक दिवसाचे उपोषण झाले. योजना पूर्णतः ऐच्छिक असल्याचे व्यवस्थापनाचे म्हणणे कायम राहिले. वेतन रखडलेले असताना घेतलेला निर्णय कितपत ऐच्छिक मानायचा, या प्रश्नाला मात्र कोणत्याच परिपत्रकात उत्तर नव्हते.

मुंबईत या काळाला एक राजकीय किनारही होती. एमटीएनएलमधील कामगार संघाचे नेतृत्व शिवसेनेचे खासदार अरविंद सावंत यांच्याकडे होते. योजना मंजूर झाली तेव्हा ते केंद्रात अवजड उद्योग मंत्री होते आणि राज्यातील सत्तापेचातून ११ नोव्हेंबरला, म्हणजे अर्ज भरण्याच्या ऐन धामधुमीत, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याचा दूरसंचारशी संबंध नव्हता. वृत्तपत्रांची पहिली पाने त्या महिन्यात सरकार कुणाचे होणार याने व्यापलेली होती आणि शहरातील एका मोठ्या सार्वजनिक सेवेचे मनुष्यबळ तीन चतुर्थांशाने घटत असल्याची बातमी आतल्या पानांवर राहिली.

वर केलेल्या गणितातील निर्णायक रकाना कोणता, हे पाहिले तर संघटनांच्या खऱ्या कामगिरीचा पत्ता लागतो. तो रकाना सानुग्रह रकमेचा नसून निवृत्तिवेतनाचा आहे. तो काढून टाकला तर पंचावन्न वर्षांच्या तंत्रज्ञाकडे उरतात ३९ महिने, ६० च्या तुलनेत. मग त्याने अर्ज केला असता का?

हा रकाना आला तो २००० साली. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवा बीएसएनएल या कंपनीकडे जाणार, हे ठरले तेव्हा सरकारी कर्मचाऱ्याचे रूपांतर कंपनीच्या नोकरात होणार होते आणि कंपनी बुडाली तर निवृत्तिवेतन कोण देणार, याची हमी कुणीच देत नव्हते. त्या सप्टेंबरमध्ये तीन प्रमुख महासंघांनी देशव्यापी संप पुकारला. दूरसंचार मंत्री तेव्हा रामविलास पासवान होते. नागरिकांनी बंद पडलेल्या फोनबद्दल कर्मचाऱ्यांना यथेच्छ दूषणे दिली. पण त्या संपानंतर, ३० सप्टेंबर २००० रोजी केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांत ‘३७-अ’ हा नियम समाविष्ट झाला आणि खात्यातून कंपनीत गेलेल्यांचे निवृत्तिवेतन सरकारने देण्याचे मान्य केले. एमटीएनएलचे कर्मचारी आधीच, १९९८ पासून, कंपनीत वर्ग होऊ लागले होते. त्यांना याच धर्तीची हमी मिळण्यासाठी २०१४ उजाडावे लागले. म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेच्या जेमतेम साडेपाच वर्षे आधी. हा उशीर आणखी लांबला असता, तर एमटीएनएलमधून बाहेर पडलेल्या १४ हजार कुटुंबांचे गणित वेगळे झाले असते.

यातील विसंगतीही नोंदवायला हवी. निवृत्तिवेतनाच्या याच हमीमुळे सभासदांना बाहेर पडणे परवडले आणि ती मिळवून देणाऱ्या संघटनांचा पाया एका महिन्यात निम्म्यावर आला. पगारातून वर्गणी कापून देणारे हजारो सभासद गेले. मागे राहिलेल्यांवर कामाचा बोजा वाढला. घरोघरचे टेलिफोन दुरुस्त करणारे, जमिनीखालची केबल ओळखणारे अनुभवी हात एकदम नाहीसे झाल्याचा अनुभव मुंबईकर ग्राहकांनीही घेतला.

आणि एक वर्ग असा होता, की ज्याच्या हाती अर्जाचा कागदही आला नाही. कंत्राटी कामगारांची देणी २०१९ मध्ये अनेक महिने थकली होती आणि पुढे खर्चकपातीत त्यांचीच संख्या आधी घटवण्यात आली. कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ आस्थापनेत सामावले जात नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केल्यापासून या कामगारांचा कायदेशीर आधार क्षीण झालेला आहे. कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यांच्यासाठी निदर्शने जरूर केली. परंतु वाटाघाटीच्या टेबलावर त्यांचा विषय कायम शेवटच्या क्रमांकावर राहिला, हे मान्य करावे लागेल.

त्यानंतर सरकारने आणखी दोन मोठी अर्थसाहाय्ये दिली, २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटींचे आणि २०२३ मध्ये ८९ हजार कोटींचे. मुंबई आणि दिल्लीतील एमटीएनएलचे कामकाज जानेवारी २०२५ पासून बीएसएनएल पाहू लागली. त्याच सुमारास, डिसेंबर २०२४ मध्ये, बीएसएनएलमधून आणखी १८ ते १९ हजार कर्मचारी कमी करण्याचा विचार असल्याच्या बातम्या आल्या आणि संघटनांनी त्याला विरोध दर्शवला.

अशी दुसरी योजना कधी आलीच, तर तिचा सामना करणारा कर्मचारीवर्ग २०१९ चा नसेल. उरलेल्यांत एक मोठा गट २००० नंतर थेट कंपनीत भरती झालेल्यांचा आहे. त्यांना ‘३७-अ’ लागू नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि कंपनीच्या अंशदानावर चालणारी निवृत्ती योजना, एवढाच त्यांचा आधार. सार्वजनिक उपक्रमांच्या वेतनविषयक धोरणानुसार निवृत्तिलाभांसाठी वेतनाच्या ३० टक्क्यांपर्यंत तरतूद करता येते. ती पूर्ण करावी, ही संघटनांची अनेक वर्षांची मागणी असून कंपनीने सुरुवात केली ती तीन टक्क्यांपासून. पन्नाशीकडे झुकलेल्या अशा एखाद्या अभियंत्याने जुन्याच सूत्राने हिशेब मांडायला घेतला, तर सानुग्रह रकमेखालच्या ओळीत, जेथे त्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी निम्म्या पगाराचा आकडा लिहिला होता, तेथे लिहायला त्याच्याकडे अजून काही नाही.