पूरक आहार : ‘लघु’ म्हणजे पातळ नव्हे

काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे; सुश्रुताचार्यांनी मात्र सहाव्या महिन्यातच लघु व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. जन्मतः साठविलेले लोह याच सुमारास संपत येते व केवळ स्तन्याने ती उणीव भरून निघत नाही, म्हणून सुश्रुतमत आम्हांस अधिक ग्राह्य वाटते.

तथापि चिकित्सालयात आढळणारी खरी अडचण महिन्याची नसून घनतेची आहे. ‘अन्न सुरू केले’ असे माता सांगतात. चौकशी करता ते वरणाचे पाणी किंवा भाताची निवळ निघते. सहा ते आठ महिन्यांच्या बालकास स्तन्याव्यतिरिक्त दिवसाकाठी सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. लहानसे जठर पाण्यानेच भरले, तर त्या मिळणार कोठून? पेज चमच्यावरून ओघळू नये इतकी दाट असावी व तीत थोडे तूप घालावे.

नाचणीस मोड आणून, वाळवून, अगदी मंद भाजून दळल्यास मोडातील अमायलेज खीर सैल ठेवते. परिणामी तेवढ्याच खिरीत अधिक पीठ मावते. खरपूस भाजल्यास हा गुण नष्ट होतो. वस्त्रगाळ सत्त्वात चोथ्याबरोबर बरेचसे कॅल्शियमही जाते, हेही ध्यानी घ्यावे.

बाललेहांत मध सांगितला असला, तरी बोट्युलिझमच्या धोक्यामुळे एक वर्षाच्या आत तो देऊ नये. औषधालयचालकांनी आणखी एक जाणावे : १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्यान्वये व त्यातील २००३ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहाराची जाहिरात निषिद्ध आहे.