बिनतारी इंटरनेटचा विस्तार आणि ॲक्सेस पॉइंटची निवड

जेथे काचतंतूचे जाळे घरोघर पोहोचलेले नाही, अशा अनेक गावांत लहान पुरवठादार बिनतारी पद्धतीने इंटरनेट देतात. टेकडीवर किंवा उंच इमारतीवर मनोरा उभारून त्यावर एक मुख्य यंत्र बसविले जाते. त्यास ॲक्सेस पॉइंट असे म्हणतात. प्रत्येक ग्राहकाच्या छपरावर लहान अँटेना असते व तिचे तोंड मनोऱ्याकडे केलेले असते. ग्राहक दहा-बारा असताना हे काम सुरळीत चालते; ते चाळीस झाले की तीच जोडणी अडखळू लागते आणि शाळेतील धडा मध्येच थांबतो. यंत्र बिघडलेले नसते. पुष्कळदा मूळ निवडच चुकलेली असते. अशा वेळी गावकरी शिक्षकांस विचारतात. सबब ह्या निवडीमागील तत्त्वे शिक्षकांनी समजून घेणे इष्ट आहे.

पाळीचे महत्त्व

एका ॲक्सेस पॉइंटवरील सर्व ग्राहक एकच वारंवारता वापरतात. सामान्यतः एका वेळी एकाचाच संदेश नीट पोहोचू शकतो. सर्व मुले एकदम उत्तर देऊ लागली म्हणजे वर्गात जे घडते, तेच येथेही घडते. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. त्यात कोणीही केव्हाही संदेश पाठवावा व टक्कर झाल्यास पुन्हा पाठवावा, अशी रीत होती. ह्या रीतीने क्षमतेपैकी फार तर १८ टक्केच उपयोगी पडते, असे गणिताने दिसून आले. ठरलेल्या कालखंडाच्या आरंभीच संदेश पाठविण्याचा नियम केल्यास हे प्रमाण दुप्पट होते.

घरातील वाय-फाय यंत्रे बोलण्यापूर्वी कानोसा घेतात. एका खोलीत ही रीत चालते. गावात मात्र प्रत्येक अँटेना मनोऱ्याकडे तोंड करून असल्यामुळे एका ग्राहकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू येत नाही. वाट मोकळी समजून दोघेही एकदम बोलतात. म्हणून वाढत्या पुरवठादाराने, प्रत्येक ग्राहकास स्वतः पाळी नेमून देणारा ॲक्सेस पॉइंट घ्यावा. ही पहिली कसोटी होय.

वेगापेक्षा वेळ मोजावा

यंत्राच्या वेष्टनावर छापलेला वेग सर्वोत्तम परिस्थितीतील असतो. खरे भांडवल म्हणजे मनोऱ्याचा वेळ. समजा, जवळच्या ग्राहकाशी यंत्र सेकंदास १०० मेगाबिट वेगाने बोलते आणि दूरच्या, क्षीण लहरी मिळणाऱ्या ग्राहकाशी १० मेगाबिट वेगाने. दोघांसही सेकंदास ५ मेगाबिट हवे आहेत. तर तासाभरात जवळच्या ग्राहकास ३ मिनिटे पुरतात, दूरच्यास ३० मिनिटे लागतात. असे दूरचे दोन ग्राहक घेतले की सर्व तास संपला. एरवी त्याच तासात जवळचे वीस ग्राहक सामावले असते. गावाबाहेरील शाळा ही पुष्कळदा अशी दूरची ग्राहक असते. तिच्या छपरावर लहान अँटेनाऐवजी मोठी थाळी किंवा उंच खांब बसविणे हे शाळेच्या व साऱ्या गावाच्याही हिताचे आहे.

दिशांची विभागणी

चहूकडे लहरी पसरविणारी एकच अँटेना स्वस्त पडते. परंतु ती सर्व दिशांचा गोंगाटही गोळा करते. भारतात २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील विस्तृत भाग विनापरवाना वापरासाठी खुला झाला. तो कोणीही वापरू शकतो. म्हणूनच तेथे दुसऱ्याच्या व्यत्ययापासून संरक्षणाची हमी कोणासही नाही. यास्तव वाढीच्या वेळी ९० अंशांच्या चार अँटेना व चार ॲक्सेस पॉइंट लावणे श्रेयस्कर. मात्र एका मनोऱ्यावरील एक यंत्र बोलत असताना शेजारचे ऐकत असेल, तर त्याचे कान बधिर होतात. सर्वांनी एकदम बोलावे व एकदम ऐकावे, यासाठी उपग्रहाच्या घड्याळाशी मेळ घालणारी यंत्रे निवडावी लागतात. ही सोय नंतर जोडता येईलच असे नाही. ती खरेदीच्या वेळीच पाहावी.

झाडे आणि पाऊस

मनोरा डोळ्यांस दिसतो एवढ्याने भागत नाही. ५.८ गिगाहर्ट्झच्या ५ किलोमीटर जोडणीत लहरींच्या मुख्य पट्ट्याची मध्यावर त्रिज्या सुमारे ८ मीटर असते व तिचा निदान तीनपंचमांश भाग मोकळा असावा लागतो. पावसाच्या सरींनी ह्या लहरी फारशा क्षीण होत नाहीत. ओल्या पानांनी मात्र होतात. उन्हाळ्यात उत्तम चालणारी जोडणी श्रावणात मंदावते, त्याचे कारण बहुधा वाटेतील आंब्याचे वा वडाचे झाड असते. कमी वारंवारतेच्या लहरी पानांतून अधिक सहज पार होतात. पालघर जिल्ह्यातील काही गावांत मुंबईच्या आयआयटीने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वारंवारता वापरून जे प्रयोग केले, त्यांमागे हेही तत्त्व होते.

शिक्षकांनी विचारावयाचे प्रश्न

जोडणी घेण्यापूर्वी पुरवठादारास पुढील प्रश्न विचारावेत :

(१) शाळेच्या दिशेच्या ॲक्सेस पॉइंटवर किती ग्राहक आहेत?
(२) गर्दीच्या वेळी त्याचा किती वेळ व्यापलेला असतो? हे प्रमाण तीनचतुर्थांशाच्या वर गेल्यास तो दुसरे यंत्र लावणार काय?
(३) शाळेस मिळणाऱ्या लहरी किती सशक्त आहेत, व पावसाळ्यातही त्यांची मोजणी होईल काय?
(४) वीज गेल्यास मनोऱ्यावर बॅटरी किती तास पुरते? विजेपासून रक्षणासाठी भूसंपर्क केला आहे काय?

वरील मिनिटांचा हिशेब वरच्या वर्गांत अंकगणिताचे उदाहरण म्हणूनही घालता येईल. पुरवठादाराचे उत्तर मुलांनी स्वतः मोजून पडताळावे. सकाळी, दुपारी व सायंकाळी वेग मोजून त्याची नोंद महिनाभर ठेवल्यास तक्रार करताना शाळेच्या हाती पुरावा राहील.