रक्तातील निर्देशांक आणि औषधांचा खर्च

२०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी महागड्या औषधांसाठी वणवण केली. त्या धावपळीत एक मूलभूत प्रश्न मागे पडला: कोणते औषध नेमक्या कोणत्या रुग्णाला उपयोगी पडते? दुर्मिळ साधनांच्या वाटपाचा हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२१मध्ये त्याचे अंशतः उत्तर दिले. इस्पितळात दाखल झालेल्या ज्या कोविडग्रस्तांच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडे नव्हती, त्यांना कृत्रिम प्रतिपिंडांचे मिश्रण दिल्यावर २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले. ज्यांच्यापाशी ती होती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. भारतात या मिश्रणाची १.२ ग्रॅमची मात्रा ५९,७५० रुपयांना मिळत होती, आणि चाचणीतील मात्रा होती ८ ग्रॅमची! एवढा खर्च सार्थकी लागेल की वाया जाईल, हे रक्ताच्या एका तपासणीवर अवलंबून होते.

प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांच्या बाबतीत तर अशा तपासणीचे मोल अधिकच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये इंद्रियरोपण झालेल्या ६५८ व्यक्ती तपासल्या. लशीच्या दोन मात्रांनंतरही ४६ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत. म्हणजे लशीचा दाखला हा संरक्षणाचा दाखला नव्हे. तथापि, एकाच निर्देशांकावर विसंबणेही धोक्याचे. रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांत सीडी-८ पेशी पुरेशा होत्या, त्यांच्यापैकी अधिक जण कोविडमधून वाचले, असे पेन्सिल्व्हेनियातील अभ्यासात दिसले. प्रतिपिंडांची उणीव या पेशी काही अंशी भरून काढतात, असा याचा अर्थ लावला जातो.

पुढे ओमायक्रॉनसमोर ते मिश्रण निष्प्रभ ठरले. औषध गेले, परंतु आधी पारख आणि मग खर्च, ही रीत टिकली पाहिजे. यास्तव रोपण झालेले व कर्करोगाचे रुग्ण फुप्फुसाच्या विषाणुसंसर्गाने दाखल होताच त्यांच्या प्रतिपिंडांची तपासणी आणि लिम्फोसाइट पेशींची गणना सार्वजनिक रुग्णालयांत विनामूल्य व्हावी. उलटपक्षी, ज्या तपासणीने उपचाराचा निर्णय बदलत नाही आणि रोगाचा अंदाजही येत नाही, तिचे देयक रुग्णाच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाही असू नये.