मत्स्यपेशींचा जामदारखाना

पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या जलाशयांच्या आसऱ्याने हिंगोली जिल्ह्यातील अनेक भोई कुटुंबे उपजीविका करीत आली आहेत. आणि ज्या सहकारी संस्था तलावाचा ठेका घेऊन त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात, त्यांचा वर्षाचा सारा हिशेब त्या बोटभर जिवांच्या आरोग्यावर अवलंबून असतो. त्या आरोग्याच्या रक्षणाचे एक साधन, म्हणजे माशांच्या जिवंत पेशी, लखनौ येथे, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संग्रहात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश तापमानात जतन केलेले आहे.

माशाच्या परातून, कल्ल्यातून किंवा हृदयातून ऊतीचा बारीक तुकडा काढून, निर्जंतुक करून, क्षार, शर्करा, अमिनो आम्ले आणि गोवंशीय गर्भाचे सीरम यांनी युक्त अशा पोषक द्रवात ठेवला असता त्याच्या कडांतून पेशी पसरू लागतात; भांड्याचा तळ व्यापला की त्यांतील थोड्या नव्या भांड्यात घालावयाच्या, त्या वाढल्या की पुन्हा थोड्या पुढे न्यावयाच्या, असा क्रम विरजणाप्रमाणे चालू ठेवता येतो. सस्तन प्राण्यांच्या सामान्य पेशी ठरावीक विभाजनांनंतर थकतात, परंतु माशांच्या पेशी पुष्कळदा आपण होऊन अखंड वाढीची शक्ती मिळवितात, आणि असा टिकाऊ पेशीवंश पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेत ट्राउट माशाच्या जननग्रंथीपासून सिद्ध झाला. कोळंबीच्या बाबतीत मात्र असा वंश टिकविण्याचे प्रयत्न दीर्घकाळ निष्फळ ठरत आले, ही खेदाची गोष्ट आहे.

विषाणू जिवंत पेशीवाचून वाढत नाही, म्हणून रोगी माशातील विषाणू ओळखावयाचा, त्याचा अभ्यास करावयाचा किंवा त्यावर लस तयार करावयाची, तर अशा पेशी हाताशी असाव्याच लागतात. तिलापियाचा संहार करणारा विषाणू २०१४ साली इस्राएलमधून वर्णिला गेला तो पेशीसंवर्धनाच्याच साहाय्याने, आणि पुढे तो भारतातही आढळला. पाण्यातील विषारी द्रव्यांची परीक्षा जिवंत माशांचे बळी न देता ट्राउटच्या कल्ल्यातील पेशींवर करण्याच्या पद्धतीस २०२१ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती मला विशेष समाधानाची वाटते.

असा संग्रह केवळ शीतपात्रांवर चालत नाही. कोणत्या जातीच्या, कोणत्या अवयवाच्या पेशी, त्या किती वेळा पुढे नेल्या, याचे दप्तर चोख असावे लागते. सायप्रिनस माशाचा म्हणून जगभर वापरला गेलेला एक प्रसिद्ध पेशीवंश प्रत्यक्षात अमेरिकेतील फॅटहेड मिनो या लहान माशाचा असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, तेव्हा कित्येक वर्षांच्या लिखाणात एका माशाच्या नावावर दुसऱ्याच्या पेशी जमा झाल्या होत्या. मध्यवर्ती संग्रह हवा तो मुख्यतः अशा नोंदी तपासून देण्यासाठी.

अशा पेशींपासून आहारासाठी मांस वाढविण्याचा प्रयोग अद्याप आरंभावस्थेत आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य अनुसंधान संस्थेने २०२४ च्या आरंभी एका खाजगी कंपनीशी करार करून पापलेट व सुरमईसारख्या माशांचे मांस पेशींपासून वाढविण्याचे काम हाती घेतले, आणि पेशींपासून वाढविलेल्या सामन माशाच्या सुरक्षिततेविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये आक्षेप नसल्याचे कळविले. सीरमचा खर्च आणि मांसाची घडण या अडचणी सुटल्यावाचून हे अन्न सामान्यांच्या ताटात येणार नाही, आणि गोड्या पाण्यातील मच्छीमारांनी त्याची धास्ती घेण्याचे तूर्त कारण नाही.

कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा यांतील स्थानिक माशांच्या पेशीही वेळीच लखनौच्या या संग्रहात दाखल व्हाव्यात, यासाठी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने पुढाकार घ्यावा. मच्छीमार बंधूंना विनंती इतकीच, की तलावात मासे आजारी दिसले तर ते कुजण्याची वाट न पाहता, धुगधुगी असलेले चार-दोन मासे बर्फावर ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात पोहोचवावेत.