साउथॉलमधला रविवारचा सिनेमा

पश्चिम लंडनमधल्या साउथॉलमध्ये हिंदी सिनेमाला आधी पुरुष गेले, कुटुंबे नंतर. 1950च्या दशकात पंजाबातून आलेले कामगार बहुतेक एकटेच राहत. स्थानिक चित्रपटगृह रविवारच्या खेळापुरते भाड्याने घेतले जाई. 1962च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायद्याने ब्रिटनमध्ये येण्यावर बंधने आली. पुढे दारे आणखी बंद होतील या धास्तीने अनेकांनी बायकामुलांना बोलावून घेतले, आणि सिनेमा हा घरादाराचा बेत झाला.

1960च्या दशकातच इंडियन वर्कर्स असोसिएशनने डोमिनियन हे चित्रपटगृहच विकत घेतले. कामगारांच्या संघटनेने सिनेमागृहाची मालक व्हावे, ही मोठी गोष्ट होती. तिथेच सिनेमा चाले, तिथेच सभाही भरत. इंग्रजी न येणाऱ्या, आठवडाभर घरात किंवा कारखान्यात असणाऱ्या बायकांना नटूनथटून चारचौघांत जाण्याच्या जागा थोड्याच होत्या, गुरुद्वाऱ्यानंतर सिनेमा. इंग्लंडमध्ये जन्मलेली मुले हिंदी बोली बरीचशी इथल्या पडद्यावरून शिकली. 1972पासून जवळच्या लिबर्टीतही भारतीय चित्रपट लागू लागले. 1929 साली वास्तुविशारद जॉर्ज कोल्स यांनी बांधलेल्या या इमारतीचे दर्शनी छत चिनी मंदिरासारखे आहे.

मात्र हा परिसर निर्धास्त नव्हता. जून 1976मध्ये 18 वर्षांच्या गुरदीप सिंग छग्गरचा डोमिनियनजवळच वर्णद्वेषी हल्ल्यात खून झाला. त्यातून साउथॉलमधल्या तरुणांची चळवळ उभी राहिली.

प्रेक्षक मात्र तोडला तो व्हिडिओने. एका भाड्याच्या कॅसेटवर सगळे घर, शिवाय शेजारीही सिनेमा पाहू शकत. 1982मध्ये लिबर्टी बंद पडून तिथे बाजार भरू लागला. डोमिनियन पाडले गेले.

कुटुंबे चित्रपटगृहांकडे परतली ती 1990च्या दशकात. ‘हम आपके हैं कौन’ आणि परदेशस्थ कुटुंबाचीच गोष्ट सांगणारा ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ यांनी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एका रांगेत बसवले. 1998मध्ये ‘दिल से’ ब्रिटनमधल्या पहिल्या दहा चित्रपटांत पोहोचला. 2001मध्ये लिबर्टी ‘हिमालया पॅलेस’ या नावाने पुन्हा उघडले, पण तोवर हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये हॉलीवूडच्या शेजारीच लागत होते. तिथे सोय अधिक होती, पण सारे सभागृह आपल्याच माणसांचे असण्याचा आधार नव्हता. 2010मध्ये हिमालया पॅलेसही बंद झाले.