लेखमाला : शरीर आणि पदार्थ
त्वचेला चिकटणारी, वीज वाहणारी हायड्रोजेल

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. त्याच्या साखळ्या जागोजागी एकमेकींशी जोडलेल्या असल्याने ते पाण्यात विरघळत नाही, नुसते फुगते. १९६० साली ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम या चेक रसायनशास्त्रज्ञांनी शरीरात वापरण्यासाठी असे जेल सुचवले. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली. हेच जेल वीजवाहक आणि चिकट असेल, तर ते शरीर आणि यंत्र यांना जोडू शकते.

त्याचा सर्वांत परिचित उपयोग ईसीजीत दिसतो. छोट्या दवाखान्यात छातीवर जेली लावून रबरी फुग्याचे इलेक्ट्रोड बसवतात. काम काही मिनिटांत उरकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी, अतिदक्षता विभागात, हृदयावर रात्रंदिवस लक्ष ठेवायचे तर चिकटपट्टी लागते. फोमची चकती, वर प्रेस-बटण, खाली चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा थर आणि त्यावर क्षारयुक्त जेल, अशी तिची रचना असते. शरीरात वीज आयन वाहतात, तारेत इलेक्ट्रॉन. ही अदलाबदल चांदीच्या थरावर होते : चांदीचा अणू क्लोराइड आयनाशी संयोग पावतो आणि इलेक्ट्रॉन तारेत जातो, प्रवाह उलटला की क्रियाही उलटते. छातीवर मिळणारा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा. पट्टी सैल झाली की आलेखाची रेषा थरथरते आणि निदान चुकू शकते.

या पट्टीत चिकटण्याचे काम बहुधा भोवतालचा फोम करतो. संशोधकांना ते जेलकडूनच करून घ्यायचे आहे. अडचण अशी, की वाहकता, चिकटपणा आणि मऊपणा हे तिन्ही गुण एकमेकांच्या आड येतात.

वाहकता दोन प्रकारे आणता येते. क्षार मिसळले तर आयन वीज वाहतात आणि जेल मऊच राहते. पण ते वाळले की वाहकता घटते. पॉलिपायरॉल, पॉलिअॅनिलिन यांसारखी वाहक पॉलिमर किंवा ग्राफीन मिसळले तर इलेक्ट्रॉनही वाहतात. मात्र प्रमाण वाढले की जेल ताठ आणि ठिसूळ होते.

चिकटपणाचा धडा कोकणातल्या शिणाण्यांसारख्या शिंपल्यांकडून मिळाला. लाटांच्या माऱ्यातही ते खडक सोडत नाहीत, कारण त्यांच्या प्रथिनांत कॅटेकॉल हा रासायनिक गट असतो. तोच गट जेलमध्ये घालतात. पण पॉलिपायरॉल किंवा पॉलिअॅनिलिन तयार करताना ऑक्सिडीकारक लागतो, आणि तो कॅटेकॉललाही ऑक्सिडाइज करून त्याची पकड कमी करतो. म्हणून कोणता घटक आधी घालायचा आणि कोणता मागाहून, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

हालचालीने जेलला चिरा पडतात. त्या आपोआप सांधल्या जाव्यात, या दिशेने महत्त्वाचे काम झाले. २०१२ साली अमेरिकेतील शायनी वर्गीस यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि इतरांसह असे जेल मांडले, की त्याचे कापलेले तुकडे आम्लात काही सेकंदांत जुळतात. त्यातील कार्बॉक्सिल गट आम्लात विद्युतभाररहित राहतात आणि हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. आम्लता घटली की भार येऊन ते दूर सरतात. त्यामुळे जठरासारख्या आम्लयुक्त जागी ते उपयोगी पडू शकते. हे जेल वाहक नव्हते, पण बंध तुटून पुन्हा जुळण्याचे हे तत्त्व वाहक जेलनाही लागू पडते.

हवामानाचाही विचार करावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात तिथली हवा कोरडी असते. उघड्या पाकिटातल्या पट्ट्यांचे जेल वाळते, म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात आणि पट्ट्या फॉइलच्या बंद पाकिटात ठेवतात. उलट घामाने त्वचा ओली झाली की पकड सुटते.

रुग्णापर्यंत पोचण्याआधी विद्युतरोध, सोलून काढण्यास लागणारे बल, पेशींवरील विषारीपणा आणि त्वचेची जळजळ तपासावी लागते. जैविक तपासणीसाठी आयएसओ १०९९३ ही मानकमालिका वापरतात. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. त्वचेवरची क्षारयुक्त जेल आज नित्याच्या वापरात आहेत. हृदयावर किंवा मज्जातंतूवर चिकटवायची जेल मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरील चाचण्यांतच आहेत, कारण ओल्या, सतत हलणाऱ्या ऊतीवर त्यांना महिनोन्‌महिने टिकावे लागते.