पट्ट्याची वाट : जुन्या ट्रकच्या पुल्यांचे गणित

जुना ट्रक पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याचा सारा जीव इंजिनात आणि रंगात गुंतलेला असतो. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पुल्या अगदी शेवटी, मिळतील तशा बसवल्या जातात. पण त्यांच्यावरचा पट्टा निसटला की अल्टरनेटरबरोबर वॉटर पंपही थांबतो. वीज नसली तरी बॅटरीवर थोडे अंतर कापता येते. पाणी फिरायचे थांबले, तर काही मिनिटांतच इंजिन तापून हेडला बाक येऊ शकतो.

पुल्यांची निवड किती फसवी असते, हे शेवरोलेटच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनावरून चांगले कळते. १९५५ साली आलेले हे इंजिन अनेक दशके बनत राहिले. त्यामुळे सी-१०सारख्या जुन्या ट्रकवर नंतरच्या गाड्यांचे भाग सर्रास चढवले जातात आणि बोल्टही बिनबोभाट जुळतात. घोळ नेमका इथेच होतो.

सुरुवातीच्या इंजिनांचा वॉटर पंप आखूड होता. १९६९पासून बहुतेक मोटारींत लांब पंप आला. ट्रकांत हा बदल १९७३च्या मालिकेबरोबर झाला. दोन्ही पंपांच्या लांबीत सुमारे ३३ मिलिमीटरचा फरक आहे. तेवढा भरून काढण्यासाठी पुल्यांची खोली वेगळी ठेवली होती. आखूड पंपाची क्रँक-पुली आणि लांब पंपाची पंप-पुली एकत्र आल्या, तर पट्टा तिरका धावतो, किंचाळतो, कडेने झिजतो आणि अखेर उडतो. म्हणून आधी पंप ठरवावा आणि मग त्याच जातीच्या पुल्या व ब्रॅकेट घ्यावेत. सरळ पट्टी लावून सर्व खाचा एका पातळीत आहेत का, ते पाहावे. अर्धा अंश तिरकेपणा म्हणजे ३० सेंटिमीटर अंतरात जेमतेम अडीच मिलिमीटर. व्ही-पट्ट्याला एवढाही पुरेसा त्रासदायक ठरतो.

दुसरा प्रश्न व्यासाचा. क्रँक-पुली ७ इंची आणि अल्टरनेटरची अडीच इंची असेल, तर गुणोत्तर २.८ होते. इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत उभे असताना अल्टरनेटर १,९६० फेरे घेतो. त्याच जागी साडेतीन इंची पुली लावली, तर १,४००च. मग गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवे मंदावतात. उलट पुली फार लहान केली, तर वेगात अल्टरनेटर नको तितका पळतो आणि पट्ट्याला वळायलाही कष्ट पडतात.

तिसरी गोष्ट पकडीची. ताक घुसळताना रवीला दोरीचा वेढा अपुरा पडला, तर दोरी घसरते. पट्ट्याचेही तसेच. लहान पुलीभोवती त्याने जास्तीत जास्त वळसा घेतला पाहिजे. व्ही-पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींत रुतून पकड धरतो. खाचेचा तळ चकाकू लागला, तर पट्टा तळाला टेकतो आहे, म्हणजे पट्टा किंवा पुली झिजली आहे असे समजावे. ताण देताना लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पट्टा साधारण १२ मिलिमीटर लवला पाहिजे. त्याहून जास्त आवळल्यास बेअरिंग जाते.

आता बरेच जण अनेक बारीक खाचांचा एकच लांब, सर्पाकृती पट्टा बसवतात. त्याची वाट निराळी. तो काही पुल्या पोटाने फिरवतो, तर काही पाठीने. पाठीने फिरणारी पुली उलटी फिरते. गिरणीत फुलीसारखा ओलांडून टाकलेला पट्टा दुसरे चाक उलटे फिरवतो, तसेच हे. अशा मांडणीतल्या वॉटर पंपाची पाती उलट्या फेऱ्यासाठी घडवलेली असतात. तिथे जुना सरळ फिरणारा पंप लावला, तर तो बसतो, फिरतो, गळतही नाही. पण पाणी पुरेसे ढकलत नाही. पंपावर पंखा असेल, तर त्याचीही दिशा तपासावी लागते. ताण राखणारी स्प्रिंगची पुली पट्ट्याच्या सैल बाजूला, म्हणजे क्रँकवरून तो बाहेर पडतो तिथे हवी.

म्हणून खरेदीआधी कागदावर वर्तुळे काढावीत, पट्ट्याची वाट रेखावी आणि प्रत्येक वर्तुळावर बाण काढून फिरण्याची दिशा लिहावी. बोल्ट जुळले म्हणजे भाग जुळले असे नाही, हे त्या चित्रात दिसते. तिथे दिसले नाही, तर ते घाटात, रेडिएटरमधून वाफ निघू लागल्यावर दिसते.